कुशिनाईतली लाल पाटी

"ज्याची पाटी, त्याचाच हात. दुसऱ्याची पाटी उलटायची नाही. मग तो भाऊ असो, नवरा असो, नाहीतर साक्षात देव असो. कळलं का, सूनबाई?"

इवाबुची मुकादमांनी हे मला सांगितलं तेव्हा माझ्या लग्नाला चारच दिवस झाले होते. रुळांची देखभाल करणाऱ्या गँगच्या खोलीत दाराशेजारी एक फळी होती. फळीवर अकरा खिळे आणि प्रत्येक खिळ्याला बोटभर लांबीची एक लाकडी पाटी. एका बाजूला काळ्या शाईनं नाव, दुसऱ्या बाजूला तेच नाव लाल शाईनं. रुळांवर कामाला जाताना माणूस आपली पाटी लाल करून जाई, परत आला की काळी करी. खोलीबाहेर वळचणीला रुळाचा हातभर तुकडा साखळीनं टांगलेला होता. बर्फाचं वादळ सुटलं की बाहेरच्या माणसाला स्वतःचे पायसुद्धा दिसत नाहीत. मग तो आवाजाच्या दिशेनं चालत येतो. खोलीला आमचं घर सगळ्यांत जवळचं, म्हणून ठोकायचं काम माझ्याकडे आलं.

"फळीवर एकही लाल उरली नाही की थांबायचं," मुकादम म्हणाले. "त्याआधी हात गळून पडला तरी चालेल."

"हात गळून पडल्यावर ठोकू कशानं?"

मला वाटलं, चिडतील. पण ते हसले. "दुसऱ्या हातानं!"

आज कुशिनाई नकाशावर नाही. असायला हवं असंही नाही म्हणा. रेल्वे आली म्हणून ते वसलं आणि रेल्वे गेल्यावर विरलं. रूळ येण्याआधी तिथे नदी होती आणि अस्वलं होती. मग खिंडीतून गाडी न्यायचं ठरलं, बोगदा खणला गेला, आणि चढण इतकी अवघड निघाली की प्रत्येक गाडीला मागून ढकलायला दुसरं इंजिन लागे. त्या इंजिनाला पाणी हवं, कोळसा हवा, रुळांवरचा बर्फ काढायला माणसं हवीत, माणसांना बायका हव्यात, बायकांना दुकान आणि पोरांना शाळा. असं एकेक करत एकेचाळीस घरं झाली. आमच्यात कुणी कुणाला "काय करता?" असं विचारत नसे. "कितव्या गाडीला असता?" असं विचारत. माझा मुलगा सकाळची मालगाडी आणि टपालगाडी यांच्यामध्ये जन्मला. त्याची वेळ मला अजूनही तशीच आठवते, घड्याळातली आठवत नाही.

आणि आम्हां सगळ्यांना ती एक खोड होती. रेल्वेची माणसं सिग्नलकडे बोट दाखवून मोठ्यानं म्हणतात, "सिग्नल – ठीक!" म्हणजे डोळ्यांनी पाहिलेलं तोंडानं पक्कं होतं. नवऱ्यांचं पाहून बायकाही तेच करायच्या. घराबाहेर पडताना आम्ही चुलीकडे बोट दाखवायचो. "चूल – ठीक! दार – ठीक!" उमेमावशी तर गावातल्या सुनांकडे बोट दाखवून म्हणायची, "जीभ – ठीक नाही!"

उमेमावशी रेल्वेचं न्हाणीघर सांभाळायची. सगळ्या गावाला एकच मोठा लाकडी हौद होता. आधी पुरुष, मग बायका. ती विधवा होती, आवाज इंजिनासारखा, आणि तिला कुणाचीच भीड नव्हती. मी नवी नवरी म्हणून पहिल्यांदा न्हायला गेले तेव्हा सगळ्या बायकांसमोर म्हणाली, "लाजतेस काय गं? तुझ्या तात्सुझोची पाठ मी तुझ्या आधी दोन वर्षं बघतेय. डाव्या खांद्याखाली तीळ आहे. नसला तर सांग, नवरा बदलून देते."

मासाकिची तिचा एकुलता एक मुलगा. तो गँगमध्ये होता, माझ्या नवऱ्याच्या हाताखाली.

बोगद्याच्या तोंडाशी एक दगडी जिझो होता. बोगदा खणताना जी माणसं गेली त्यांच्यासाठी बसवलेला. जिझो वाटसरूंना सांभाळतो, आणि जगात येण्याआधीच परत गेलेल्या बाळांनाही. माझं पहिलं बाळ असंच परत गेलं होतं. तेव्हापासून माझा नेम झाला. सकाळचा पहिला वाफाळता भात घरच्या देव्हाऱ्यात अमिदा बुद्धापुढे, आणि दुसरा घास फडक्यात बांधून जिझोपाशी. मग माझा चहा. यात कधी खंड पडला नव्हता. पाऊस असो, ताप असो, वीस मिनिटं चढायचं आणि वीस मिनिटं उतरायचं.

शोवाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, म्हणजे १९६४च्या फेब्रुवारीत, खंड पडायची वेळ आली. सकाळपासून वादळ होतं. मी दार उघडलं तर समोर नुसतं पांढरं. भाताचं पुडकं हातात धरून मी उंबऱ्यात उभी राहिले. दुसऱ्या हातात जिझोच्या गळ्यात बाळासारखं बांधायला शिवलेलं नवं लाल लाळेरं होतं, सिग्नलच्या जुन्या बावट्याच्या कापडाचं. तेवढ्यात गँग निघाली.

"द्या इकडे, वहिनी," मासाकिची म्हणाला. "आम्ही बोगद्याकडेच चाललोय. तुमच्या देवाला जेवू घालतो आणि त्याचे कपडेही बदलतो."

"वाटेत उशीर झाला तर राहू दे हं. उद्या मी जाईन."

"तुमचा नेम मोडायचा आणि पाप माझ्या माथी? नको रे बाबा."

समोरून न्हाणीघराच्या दारातून उमेमावशी ओरडली, "तो भात स्वतः गिळू नकोस रे मेल्या! जिझो बोलत नाही म्हणून काय झालं!"

"बोलत नाही म्हणून तर त्याच्याकडे जातो, आई!" तो ओरडला. सगळी गँग हसली, आणि हसता हसताच पांढऱ्यात विरघळून गेली. पुडकं त्यानं अंगरख्याच्या आत छातीशी ठेवलं होतं, गरम राहावं म्हणून. ते मी पाहिलं होतं.

दुपारी तीनलाच अंधारून आलं. मी ठोकायला लागले. रुळाचा आवाज वादळात मोठा नसतो, पण लांब जातो. पाण्याखालून कुणी बोलावतंय असं वाटतं. एकेक जण आत येऊ लागला. दातांनी हातमोजा ओढायचा, सुन्न बोटांनी पाटी उलटायची आणि शेगडीशी कोसळायचं. मुकादम आले तेव्हा त्यांची बोटं मेणासारखी पांढरी पडली होती. माझा नवरा आला. फळीवर एकच लाल उरली.

"मासाकिची?" मी विचारलं.

"माझ्या मागेच आहे. टाकीपाशी त्याचा कंदील दिसला."

पाण्याची टाकी खोलीपासून तीस पावलांवर. आत किटली उतू चालली होती, मुकादमांची बोटं चोळायला हवी होती. माझ्या मनात आलं, येईल बिचारा गोठलेल्या हातांनी, त्याला कशाला आणखी खटपट? पाहुण्याच्या चपला आपण दाराकडे तोंड करून ठेवतो ना, जाताना सोपं जावं म्हणून, तितक्या सहज मी हात पुढे केला. त्याची पाटी काळी केली आणि हातोडी खाली ठेवली.

कंदील मासाकिचीचा नव्हता. टाकीवरच्या माणसाचा होता.

मुकादमांनी चहा पिता पिता फळीकडे पाहिलं. सगळी काळी. त्यांनी माणसं मोजली नाहीत, कारण फळी खोटं बोलत नाही असं आम्ही सगळेच मानत होतो. तास उलटून गेल्यावर उमेमावशी डोक्यावर पंचा टाकून आली. म्हणाली, "माझ्या गाढवाला पाठवा आता. पाणी निवायला लागलं."

त्यानंतर मी हात बदलून बदलून ठोकत राहिले. पण ते त्यानंतर. मधला तो एक तास मला आयुष्यात कधी भरून काढता आला नाही.

माणसं चार दिवस शोधत होती. सापडला नाही. त्या दिवसानंतर माझा पाय तिकडे वळला नव्हता; एप्रिलमध्ये बर्फ वितळून जिझो उघडा पडल्यावर मी पहिल्यांदा बोगद्यापर्यंत गेले. जिझोच्या गळ्यात नवं लाळेरं होतं, गँगची माणसं ओझ्याला मारतात तसल्या गाठीनं घट्ट बांधलेलं. जाताना त्याला तिथे थांबलेलं कुणी पाहिलं नव्हतं. म्हणजे तो परतीच्या वाटेवरून एकटा मागे फिरला होता. कामाच्या धांदलीत जाताना राहून गेलं असणार. माझा नेम त्यानं पुरा केला होता आणि मग घराकडे वळला होता. आवाज ऐकत ऐकत. आणि मग आवाज थांबला होता. वाटेच्या खाली नदी आहे.

मी तशीच उतरून उमेमावशीकडे गेले. ती हौदात उतरून तळ घासत होती. मी काठाशी गुडघे टेकून सगळं सांगितलं. माझा भात, माझं लाळेरं, माझा हात. ती घासतच राहिली. शेवटी ब्रश ठेवून म्हणाली, "चल."

खोलीत जाऊन तिनं मासाकिचीची पाटी पुन्हा लाल केली.

"तो बाहेर आहे," ती म्हणाली. "बाहेर असलेल्या माणसाला आत म्हणायचं नाही." मग हातोडी माझ्या हातात दिली. "ठोक."

"किती वेळ, मावशी?"

"मी सांगेन."

मी ठोकत राहिले. घराघरांत दिवे लागले तेव्हा ती म्हणाली, "आता पुरे. उद्या ये."

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी मी रूळ एकवीसदा ठोकत असे, वादळ असो नसो. तिनं मला कधी शिवी दिली नाही, आणि माफ केलं असंही कधी म्हणाली नाही. दुसऱ्या दिवशी न्हायला गेले तर माझ्या पाठीवर पाणी ओतत एवढंच म्हणाली, "किती वाळलीस गं. तात्सुझो जेवू घालत नाही काय?"

गाव एकदम मरत नाही. झोपेत माणसाच्या हातातली वस्तू कशी हळूहळू सुटते, तसं ते सुटत जातं. आधी डिझेल इंजिनं आली. त्यांना पाणी लागत नव्हतं, मागून धक्काही लागत नव्हता. इंजिनवाल्यांची चौदा घरं एका वसंतात गेली. मग डोंगरातलं लाकूड संपलं. मग सिग्नल लांबच्या शहरातून, कुणा अनोळखी माणसाच्या बोटानं, आपोआप बदलायला लागले. आमचे पुरुष सवयीनं त्यांच्याकडे बोट दाखवून "ठीक!" म्हणायचे आणि मग ओशाळायचे. शाळेत शेवटच्या वर्षी तीन मुलं होती आणि एक गुरुजी. क्रीडादिनाला चौघं धावले, आणि गुरुजी तिसरे आले.

बदली होऊन जाणारा प्रत्येक गँगमन आपली पाटी खिळ्यावरून काढून खिशात घालून नेई. तशी पद्धतच होती. इवाबुची मुकादम निवृत्त झाले, त्यांनीही नेली. शेवटी फळीवर दोनच उरल्या. माझ्या नवऱ्याची आणि एक लाल.

संध्याकाळी मी ठोकायला जाई तेव्हा रिकाम्या घरांच्या काचांवर आवाज आपटून परत येई. कधी कधी मला वाटे, एकेचाळीस घरांमधून एकेचाळीस बायका ठोकताहेत. बर्फ पडत असला की पाण्याच्या टाकीपाशी एक कंदील डुलतानाही दिसे. मी त्याला काही म्हणत नसे. मनात अमिदाचं नाव घेत एकवीस पुरे करी आणि घरी येई.

शेवटची गाडी धावली त्या दिवशी गावात आम्ही तिघंच होतो. मी, तात्सुझो आणि उमेमावशी. पण गाडी आली आणि तिच्यातून तीनशे माणसं उतरली. गेलेले सगळे परत आले होते, पोराबाळांसकट. काठी टेकत इवाबुची मुकादम उतरले. उमेमावशीनं पहाटेपासून हौद तापवून ठेवला होता. दिवसभर लोक पाळीपाळीनं न्हायले. ज्यांची घरं पडली होती ते घराच्या चौथऱ्यावर बसून डबे खात होते, जिथे जेवणघर होतं बरोबर तिथेच, आणि आल्यागेल्याला "या ना, आत या!" म्हणत होते. भिंती नव्हत्या, दार नव्हतं, तरी येणारा माणूस उंबऱ्याच्या जागी बूट काढायचा. त्या दुपारी मला खरंच कळेना, आम्ही आठवतोय की आठवले जातोय.

चार वाजता गाडीनं शिट्टी दिली. सगळे चढले. शेवटच्या डब्याचा तांबडा दिवा बोगद्यात शिरून दिसेनासा होईपर्यंत उमेमावशी हात वर करून उभी होती. मग मला म्हणाली, "गेले बाई एकदाचे. काय ती गर्दी! हौदात पाणी कमी आणि माणसंच जास्त."

आणि तिथेच, रिकाम्या फलाटावर, तिनं माझा हात धरला. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा.

"किनुए, आता आपल्यालाही जावं लागणार. पण पाटी तशीच लाल राहू दे. कुशिनाईत एक जरी छप्पर उभं असलं, तरी त्याला यायला जागा आहे. कळलं?"

"हो, मावशी."

"शेवटचं छप्पर बसेल तेव्हा मात्र त्याला ताटकळत ठेवू नकोस. मग तू जा. ठोक. आणि त्याला आत घे. पाटी तुझ्याच हातानं उलट."

"माझ्या हातानं? मावशी, त्या हातानंच तर–"

"त्याच हातानं," ती म्हणाली. "दुसरा कुठून आणू?"

मी वचन दिलं. बर्फ पडायच्या आत आम्ही तिघं शहरात आलो. तात्सुझोनं आपली पाटी खिशात घातली. मी हातोडी आणली. रुळाचा तुकडा मात्र तिथेच टांगलेला राहिला. उमेमावशी तिसऱ्या हिवाळ्यात गेली. तिच्यामागून सहा वर्षांनी तात्सुझो. त्याची पाटी मी त्याच्यासोबत दिली.

शहरात रोज संध्याकाळी मी देव्हाऱ्यातली छोटी घंटा एकवीसदा वाजवते. सून, नाओए, पहिल्या वर्षी म्हणाली होती, "आई, बुद्धाला एकदा वाजवून ऐकू येत नाही का?" मी म्हटलं, "बुद्धाला येतं गं. ही दुसऱ्या कुणासाठी आहे." त्यानंतर तिनं कधी विचारलं नाही. उलट मी आजारी असते तेव्हा तीच वाजवते, आणि मोजून बरोबर एकवीस.

दर ऑक्टोबरात मी कुशिनाईला जात आले. वनखात्याच्या रस्त्यानं, इवाबुची मुकादमांच्या मुलाबरोबर, तोकुओबरोबर. तो आता साठीचा झालाय, नगरपालिकेत जंगलरस्त्यांचं काम बघतो. जिझोला नवं लाळेरं घालायचं, भात ठेवायचा, आणि छपरं मोजायची. बर्फ दर हिवाळ्यात एखादं घर हलकेच मांडीवर घेतल्यासारखं खाली बसवतो. नऊ होती. मग पाच. न्हाणीघर बसलं त्या वर्षी मी त्या धुराड्याशी बराच वेळ उभी होते. मग दोन. गेली अकरा वर्षं एकच होतं, गँगच्या खोलीचं. मुकादमांनी ती रुळांखालच्या जुन्या डांबरी स्लीपरांनी बांधली होती. मी मनात म्हणायचे, ही माझ्यानंतरही उभी राहील. वचन पुढे कुणीतरी बघेल. खरं सांगायचं तर मला तसंच हवं होतं. पाटी लाल आहे तोवर तो बाहेर आहे, आणि बाहेर असलेला माणूस येऊ शकतो. काळी केली की संपलं. आणि ती मी एकदा केलीच होती.

यंदा गुडघ्यामुळे ऑक्टोबरात जाणं झालं नाही. महिना सरता सरता तोकुओचा फोन आला.

"किनुएकाकू, खोलीचं छप्पर बसलं."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"काकू? ऐकताय ना?"

"सगळं बसलं का? एखादा कोपरा तरी असेल की उभा."

"त्या कोपऱ्यात कोल्हासुद्धा राहायला जाणार नाही, काकू."

"कोल्ह्याचं सोड. अर्धं छप्पर म्हणजे छप्परच की."

तो हसला, पण हळूच. उमेमावशीला दिलेलं वचन मी त्याला वाटेत कधीच सांगितलं होतं. "फळीची भिंत उभी आहे," तो म्हणाला. "रूळही लोंबतोय. पाटी आहे जागेवर. पण काकू, या आठवड्यात बर्फ लागेल आणि रस्ता बंद होईल. मग एकदम मे महिना."

मे महिन्यात मी ब्याऐंशीची होईन. गुडघ्याचं नाव काढलं की डॉक्टर माझ्याकडे न बघता खिडकीबाहेर बघतात.

"बघू," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

तीन दिवस मी बघत राहिले. नेम चुकवला नाही. भात ठेवला, घंटा वाजवली, पण एकवीस मोजताना आकडा हरवायचा. पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. नाओए स्वयंपाकघरातून ऐकायची. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "आई, आज शहात्तर झाल्या."

दुसऱ्या दिवशी पहाटे मला तो दिसला. स्वप्न म्हणावं तर मी डोळे उघडून छताकडे पाहत होते. पाण्याच्या टाकीपाशी मासाकिची उभा होता, खांद्यांवर हातभर बर्फ, वय तेच, सव्वीस. मी पांढऱ्या केसांची, तरी त्यानं ओळखलं.

"वहिनी, किती वेळ उभा आहे मी! आत यायचंय, पण पाटी कशी उलटू?"

"का रे? हात गारठले?"

"गारठले नाहीत हो. भरलेत." त्यानं ओंजळ पुढे केली. ओंजळीत भात होता. पांढरा, वाफाळता, नुकता शिजलेला. "हा खाली कसा ठेवू? तुमचा नेम आहे ना."

मग सगळं पांढरं झालं आणि मला आमच्या खोलीचं छत दिसायला लागलं.

मी उठले. अंथरुणाची घडी घातली. मुकादमांचं म्हणणं खरं होतं, ज्याची पाटी त्याचाच हात. पण ज्याचे हात भरलेले आहेत, तेही आपल्याच भातानं, त्याच्यासाठी कुणी पुढे व्हायचं?

मी तोकुओला फोन केला. तो म्हणाला, "मला ठाऊक होतं. बर्फासाठी चाकांच्या साखळ्या गाडीत टाकूनच ठेवल्यात. सातला खाली येतो."

तांदूळ धुतले. पहिला भात देव्हाऱ्यात ठेवला, हात जोडले, नाव घेतलं. मग तीन पुडकी बांधली. एक जिझोचं, एक मासाकिचीचं, एक तोकुओचं, कारण त्याला वाटेत भूक लागते. लाळेरं सप्टेंबरातच शिवून ठेवलं होतं. देव्हाऱ्याच्या खालच्या खणातून हातोडी काढली. दांडा माझ्या बोटांच्या खुणांनी खोलगट झालाय. हातात घेतली की तो खळगा माझी बोटं बरोबर ओळखतो.

नाओए दारात आली. "गुडघ्याचं काय, आई?"

"त्यालाही घेऊन जाते."

ती हसली नाही. आत जाऊन तिनं स्वतःची जाड लोकरी टोपी आणली आणि माझ्या डोक्यावर कानापर्यंत ओढली. मग वाकून माझे बूट दाराकडे तोंड करून ठेवले.

"संध्याकाळची घंटा?" तिनं विचारलं.

"आजपासून नको," मी म्हटलं. "आज मी तिथेच ठोकून येते."

बाहेर आभाळ खाली उतरलं होतं, बर्फ पडायच्या आधी उतरतं तसं. कोपऱ्यावर तोकुओचा छोटा ट्रक उभा होता, धूर सोडत. मी उंबऱ्यात वळून बोट दाखवलं, जुन्या सवयीनं, हलक्या आवाजात.

"चूल – ठीक. दिवा – ठीक. हातोडी – ठीक."

आणि भाताचं एक पुडकं अंगरख्याच्या आत, छातीशी सरकवून मी पायऱ्या उतरायला लागले.